दार कुणी वाजवलं होतं

१९६१ साली रमजान आणि ख्रिस्ती लोकांचा उपासकाळ अगदी मागेपुढे सुरू झाला. औरंगाबादच्या शहागंजमधल्या टांगा अड्ड्यावर बहुतेक टांगेवाले मुसलमान. दुपारी चहाच्या गाड्याकडं कुणी फिरकत नव्हतं. त्यांच्यातच सांडू तिडके हा एकटा ख्रिस्ती माणूसही आपल्या घोड्याच्या सावलीत उपाशी बसून राहायचा.

कमरोद्दीन हा त्याचा अड्ड्यावरचा दोस्त. त्यानं पहिले काही दिवस पाहिलं आणि मग न राहवून विचारलं, "सांडूभाई, तू कायको भूका बैठा? तेरा तो रोजा नहीं."

"आमचा बी उपास लागलाय. इस्टरपर्यंत."

"पानी चलता क्या?"

"चलतं."

"और खाना?"

"दिवस बुडाल्यावर. एकदाच."

"पादरीसाब बोले ऐसा?"

"नाय. ते म्हणतात, शुक्रवारी धरा, मटण-मच्छी सोडा, बाकी ज्याच्या त्याच्या मनावर. रविवारी मात्र उपास नाय. रविवार प्रभूचा, त्या दिशी खायचं."

कमरोद्दीनला हे काही झेपलं नाही. "छुट्टीवाला रोजा पैली बार सुना," तो म्हणाला. बाकीचे हसले, सांडूही हसला. मग कमरोद्दीननं सहज विचारलं, "पर रखते किस वास्ते?"

"पापाची माफी मिळावी म्हणून."

"तू क्या पाप किया, भाई?"

थट्टेनं विचारलेलं होतं. पण सांडू उठला आणि घोड्याचा पट्टा घट्टच असताना पुन्हा आवळू लागला.

सांडूचं गाव जालन्याच्या रस्त्याला, चिकलठाण्याच्या पुढं. त्याचा बाप कडूबा यानं मिशनच्या साहेबाकडून बाप्तिस्मा घेतला होता, म्हणजे सांडू जन्मापासूनच ख्रिस्ती. गावाला त्यानं फारसा फरक पडला नव्हता. वस्ती वेशीबाहेर होती ती वेशीबाहेरच राहिली. आई मरेपर्यंत आषाढात मरीआईला नारळ पाठवायची आणि रविवारी प्रार्थनेला पण बसायची. गावात पिंजाऱ्याचं एक घर होतं, नवाबचं. थंडी यायच्या आधी नवाब दारोदार गाद्या पिंजायला येई, तेव्हा वेशीबाहेरच्या वस्तीतही बसायला त्याला काही वाटत नसे. सांडूच्या लग्नातली गादी त्यानंच भरून दिली होती. त्याची बायको नजमुन्निसा. तिला सांडू भाभी म्हणायचा.

अठ्ठेचाळीस साली पोलीस ॲक्शन झाली. आधी रझाकारांची दहशत होती, तेव्हा वस्तीतल्या माणसांनी रात्री शेतात काढल्या होत्या. मग भारताची फौज आली, निजाम शरण गेला आणि लोकांनी गुलाल उधळला. सांडूनंही उधळला. पण दोन-चार दिवसांतच आजूबाजूच्या गावांतून माणसांचे घोळके फिरायला लागले. रझाकारांवरचा राग ते आता कुणावरही काढू लागले, हातात सापडेल त्या मुसलमानावर. एका घोळक्यानं वस्तीतून जाता जाता ओरडून सांगितलं की जो कुणी मुसलमानाला घरात घेईल त्याचंही घर पेटेल.

त्या दिवशी सांडू हिवतापानं पडलेला होता. दुपार होती, बाहेर भुरभुर पाऊस होता. आशाबाई, त्याची बायको, मागल्या अंगणात गोवऱ्या झाकत असेल असं त्याला वाटत होतं. तेवढ्यात पुढचं दार वाजलं. जोरात नाही, तळव्यानं थोपटल्यासारखं. मग बाईचा आवाज आला, "खोलो." त्याच्या पाठोपाठ लेकराचं किरकिरणं. पुन्हा दार वाजलं. सांडूनं गोधडी डोक्यावरून ओढून घेतली. थोड्या वेळानं आवाज थांबला.

दुसऱ्या दिवशी कळलं की नवाबला नाल्याच्या कडेला मारून टाकलं आणि त्याची बायको लेकराला घेऊन कुठं गेली ते कुणालाच माहीत नाही.

दार वाजवणारी भाभीच, असं सांडूनं धरलं आणि कधी कुणाला सांगितलं नाही, आशालाही नाही. पुढं गावात त्याचा जीव रमेना म्हणून तो शहरात आला, छावणीच्या बाजूला खोली घेतली आणि टांगा हाकायला लागला. प्रत्येक उपासकाळात तो दिवसभर काही खात नसे. पहिल्या वर्षी त्याला वाटलं होतं, चाळीस दिवस संपले की छातीवरचं उतरेल. उतरलं नाही. तेव्हा त्यानं ठरवलं की आपला उपासच कमी पडला, आणि पुढच्या वर्षी मीठ सोडलं. त्याच्या पुढच्या वर्षी तंबाखू. आशा म्हणायची, "आवो, देवाला तुमची हाडं बघायचीत का?" पण गंमत अशी की तीही त्या दिवसांत त्याच्याबरोबर एकच वेळ जेवायची, आणि त्याला वाटायचं, नवरा उपाशी म्हणून बायको उपाशी.

कमरोद्दीनच्या त्या प्रश्नानंतर सांडू बुधवारच्या प्रार्थनेला गेला आणि लोक पांगल्यावर मागं थांबला. पाळक काकासाहेब साळवे म्हातारे होत चालले होते, पण माणसाला हाकलून देत नसत.

"साहेब, येक इचारू का? उपास करून पाप जातं का?"

"उपासानं नाही जात. माफी देव देतो, फुकट देतो. प्रभू स्वतः रानात चाळीस दिवस उपाशी राहिला, त्याच्याबरोबर आपणही थोडं चालावं, एवढंच. पोट रिकामं झालं की माणसाला आपल्या आत काय आहे ते दिसतं."

"मला दिसतंय, साहेब. लई दिवसांपासून दिसतंय. दिसून व्हतंय काय?"

काकासाहेबांनी चष्मा काढला. "मग पश्चात्ताप कर. पश्चात्ताप म्हणजे नुसतं वाईट वाटून घेणं नव्हे. चाललेल्या वाटेवरून माघारी फिरणं."

सांडू टांगेवाला माणूस. माघारी फिरायचं म्हणजे टांगा वळवायला जागा लागते, हे त्याला ठाऊक होतं. तो म्हणाला, "माघारी कुठं? ते गाव बी तसं राह्यलं नाय."

"ज्याचा अपराध केलास त्याच्याकडं जा. आधी त्याच्याशी समेट, मग देवाकडं."

"पण तुम्हीच सांगितलं व्हतं की उपास लपवून करायचा. तोंड धुवून, तेल लावून राह्यचं, कुणाला कळू द्यायचं नाय."

"उपास लपवायचा. पाप नाही."

घरी येईपर्यंत सांडूच्या मनात हेच घोळत राहिलं. तेरा वर्षं त्यानं दोन्ही एकाच गाठोड्यात बांधून ठेवलं होतं. आता त्यातलं कुठलं सोडायचं आणि कुठलं तसंच ठेवायचं, हे त्याला उमजेना.

आणि जायचं तरी कुणाकडं? नजमुन्निसा जिवंत आहे की नाही हेही त्याला माहीत नव्हतं.

ते त्याला कळलं तेही अड्ड्यावरच. रमजान अर्धा उलटला होता. कमरोद्दीनचा घोडा लंगडत होता, म्हणून त्यानं सांडूला सांगितलं, "मेरी खाला को शहागंजसे घर छोड दे. बुड्ढी है, चल नहीं सकती. तेरे गाव की तरफकीच है, नवाब पिंजारी की बेवा."

सांडूचा हात लगामावर तसाच राहिला. त्यानं कमरोद्दीनकडं पाहिलं, पण त्याच्या चेहऱ्यावर वेगळं काही नव्हतं. त्याला काही माहीत नव्हतं.

नजमुन्निसा म्हातारी नव्हती, पण गुडघ्यांनी धरलेली होती. बुरख्याची जाळी वर करून तिनं टांग्याच्या पायरीवर हात टेकला आणि हाकणाऱ्याकडं निरखून पाहिलं.

"कडूबा का बेटा ना तू?"

"व्हय, भाभी."

एवढंच. ती मागं बसलेली, तो पुढं. सांडूला वाटत होतं की तिची नजर आपल्या पाठीत रुतते आहे. नंतर ती म्हणाली होती की ती रस्ताभर तसबीहचे मणी ओढत होती आणि इफ्तारीला भजी करावीत की नुसते चणे, एवढाच विचार करत होती.

तिचं घर एका बोळात होतं, तिथं टांगा जात नव्हता. सांडूनं तिची पिशवी घेतली आणि दारापर्यंत आला. घरात तिची मुलगी नजमा होती, चौदा-पंधरा वर्षांची, नुकतंच लग्न होऊन माहेरी आलेली. किरकिरणारं ते लेकरू हेच, असं सांडूच्या मनात आलं. दिवस कलत आला होता. तो उंबऱ्याबाहेरच बसला.

"भाभी, मला तुमची माफी मागायचीय."

"कायकी?"

त्यानं सांगितलं. हिवताप, पाऊस, दारावरची थाप, गोधडी, सगळं. सांगताना त्याला जाणवलं की आपण हे मोठ्यानं पहिल्यांदाच बोलतो आहोत आणि बोलताना ते फार छोटं वाटतं आहे. एवढंसंच तर होतं. उठायचं होतं आणि कडी काढायची होती.

नजमुन्निसानं पिशवीतले चणे काढून ताटलीत ओतले. मग म्हणाली, "मैं तेरे दरवाजे पे नहीं आयी, बेटा."

"भाभी?"

"मैं वेशीबाहर गयीच नहीं. ज्वारीत घुसले. बच्ची को छातीशी दाबून दोन दिवस ज्वारीत बसले, मग रातको शहर का रास्ता धरले. तेरे दार पे कौन आयी मेरेकू मालूम नहीं."

"लेकराचा आवाज व्हता."

"बच्चे बहोत थे उस दिन."

तेवढ्यात मशिदीतून बांग आली. नजमानं खजूर आणि पाणी आणलं. आईला दिलं, मग सांडूपुढंही वाटी धरली. त्याचाही दिवसभराचा उपास होता. सूर्य बुडाला होता, म्हणजे त्याला खाता येत होतं. पण हा उपास कशाचा होता तेच आता त्याला कळेना. ज्या बाईसाठी धरला ती समोर बसून म्हणत होती की माझं तुझ्याकडं काहीच नाही. त्यानं खजूर हातात घेतला आणि नुसताच धरून ठेवला.

"खा," नजमुन्निसा म्हणाली. "वक्त हो गया."

त्यानं खाल्ला.

घरी आल्यावर त्यानं आशाला सगळं सांगितलं, अगदी पहिल्यापासून. आशा चुलीपुढं भाकरी थापत होती. ती थापायची थांबली नाही. भाकरी तव्यावर टाकली, तिच्यावर पाणी फिरवलं आणि मग म्हणाली, "मी घरातच व्हते."

"कवा?"

"त्या टायमाला. मागल्या दारानं आत आले आन् पुढचं दार वाजलं. तुम्ही गोधडीत मुटकुळं करून पडले व्हते. मला वाटलं तापात झोपलेत. मी कडीला हात लावून उभी व्हते."

सांडू चुलीजवळ खाली बसला.

"उघडलं असतं," आशा म्हणाली. "पण त्यांनी घर पेटवलं असतं तर तुम्हाला उचलून मी कुठं नेणार व्हते? मग ती गेली. मी फटीतनं बघितलं. पाठमोरी व्हती. हिरवं लुगडं व्हतं का काळा बुरखा, तेबी मला आता सांगता येत नाय. पावसात सगळं काळंच दिसत व्हतं."

"तू कधी बोलली नाय."

"तुम्ही तरी कुठं बोलले? मला वाटायचं, ह्यांना म्हाईतच नाय. कशाला सांगून दुखवा."

भाकरी करपायला लागली तेव्हा दोघांनाही वास आला. इतकी वर्षं सांडूला वाटत होतं की बायको आपल्यासाठी उपाशी राहते. ती स्वतःसाठीच राहत होती. एका खोलीत, एकाच दारासाठी, दोघांनी वेगवेगळे उपास धरले होते. सांडूला राग यावा असं वाटलं, पण कुणाचा ते ठरेना. आशा तर त्या दिवशी रडली पण नाही. तिनं दुसरी भाकरी थापायला घेतली.

पुढच्या रविवारी दोघं गावाला गेले. तो जायचा बेत आशाचा. तिचं म्हणणं होतं की कुणाला तरी आठवत असेल. वस्तीत लक्ष्मीबाई नावाची म्हातारी होती, सांडूच्या आईच्या वयाची, डोळ्यांनी अधू झालेली. तिनं दोघांना गूळ-पाणी दिलं आणि ऐकून घेतलं.

"त्या दिशी?" ती म्हणाली. "त्या दिशी रस्त्यानं लई बाया गेल्या. ह्या गावच्या, वरल्या गावच्या, कुठल्या कुठल्या. माझं बी दार वाजलं व्हतं."

"तू उघडलं?" सांडूनं विचारलं.

"येकीला उघडलं. दुसरीला नाय. घरात जागा नव्हती." मग म्हणाली, "जागा व्हती. पण मला भ्याव वाटलं."

"त्या कोण व्हत्या? नाव?"

"नाव कोण इचारतं बाबा अशा टायमाला. मी जिला घेतली तिला कडब्यात ठिवली व्हती. पहाटं गेली. तिनंबी माझं नाव इचारलं नाय."

सांडूनं गावातल्या आणखी दोघा-तिघांना विचारलं. एक म्हणाला की नाल्याकडं एक बाई सापडली होती. दुसरा म्हणाला की ती बाई नव्हती, म्हातारा होता. तिसरा म्हणाला, आता कशाला ते उकरता, पोरांना ऐकू जाईल. परतताना आशा टांग्यात पुढं, त्याच्या शेजारीच बसली. चिकलठाण्याजवळ ऊन उतरलं होतं, रस्त्यावर बैलगाड्या परतत होत्या. तिथं सांडू एकदाच बोलला, "म्हंजी ती मेली का जगली, हेबी कळायचं नाय."

"नाय," आशा म्हणाली.

रमजान संपला, ईद झाली. सांडूचा उपास मात्र अजून चालू होता, कारण इस्टर पुढं होता. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या दिवशी तो पुन्हा काकासाहेबांकडं गेला.

"साहेब, तुम्ही म्हणले ज्याचा अपराध केला त्याच्याकडं जा. मी गेलो. ती म्हणते ती मी नव्हेच. मग मी कुणाकडं जाऊ? जिचं नाव म्हाईत नाय, तोंड म्हाईत नाय, जिती हाय का नाय म्हाईत नाय, तिची माफी कशी मागायची?"

काकासाहेबांनी बायबल जवळ ओढलं, उघडलं नाही. मग म्हणाले, "मला सांगता येत नाही, सांडू. मी तुला काहीतरी वचन काढून देऊ शकतो. पण खरं सांगायचं तर मला माहीत नाही."

सांडूला आधी वाटलं होतं की पाळकानं नाही म्हटलं तर आपण खचू. पण तसं काही झालं नाही. उलट इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला वाटलं की आपल्या शेजारी कुणीतरी बसलेलं आहे.

इस्टरच्या सकाळी प्रभुभोजनासाठी लोक पुढं जायला लागले तेव्हा मात्र तो बाकावरून उठला नाही. दरवर्षी जायचा. पण आता त्याला वाटलं की ज्यांचा समेट झाला त्यांच्यासाठी हे आहे, आणि आपला झालेला नाही, होणारही नाही. आशा त्याच्या शेजारून निघाली, दोन पावलं गेली आणि परत आली. तिनं त्याच्या सदऱ्याची बाही धरली.

"चला."

"मला समजंना गं, मी जावं का नाय."

"मलाबी समजत नाय. पण हितं बसून राह्यलं म्हणून ती बाई येणार हाय का? चला."

तो उठला. काकासाहेबांनी भाकरीचा तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला आणि त्यानं तो खाल्ला.

त्यानंतर सांडूनं मीठ सोडणं बंद केलं. उपास धरायचा, पण पाळक सांगतात तेवढाच, आणि आशाबरोबर बसून. नजमुन्निसाकडं तो मधूनमधून जात राहिला. कधी दवाखान्यात न्यायचं असे, कधी मुलीच्या सासरी. रमजानमध्ये ती हटकून विचारायची, "मिली क्या तेरेकू वो औरत?" तो नाही म्हणायचा. ती म्हणायची, "अल्लाकू मालूम." आणि मग दुसरंच काहीतरी बोलायला लागायची.

पुढं पुष्कळ वर्षांनी, शहरात ऑटोरिक्षा आल्या आणि टांगे कमी झाले त्या सुमाराला, नजमुन्निसा वारली. मातीला सांडू गेला होता. परतताना तो आणि नजमा बोळात थांबले होते. सांडू म्हणाला, "तुझी अम्मी ज्वारीत लपली व्हती तुला घेऊन, दोन दिवस. लई सोसलं तिनं."

नजमानं मान हलवली. "ज्वारीत का? मला तर अम्मी सांगायची की विहिरीच्या पायरीवर बसले होते आम्ही. कमरोद्दीनभाईला सांगितलं होतं की कुणा देशमुखाच्या वाड्यात. प्रत्येकाला वेगळं सांगायची."

सांडूनं विचारलं, "आन् आधी कुठं कुठं गेली व्हती? कुणाच्या दारात?"

"ते तिनं कधीच सांगितलं नाही, चाचा. आम्ही विचारलं तरी नाही."

घरी येऊन त्यानं आशाला हे सांगितलं. आशा निवडायला घेतलेले तांदूळ बाजूला ठेवून ऐकत होती. मग सांडूनं विचारलं, "तिनं मला खोटं सांगितलं असंल का? मी समोर बसलो व्हतो म्हणून?"

"असंल. नसंल बी."

"मग तो खजूर तिनं माफी म्हणून..." त्यानं वाक्य पुरं केलं नाही.

आशानं तांदळाचं सूप पुन्हा पुढं ओढलं. ती म्हणाली, "उद्या शुक्रवार हाय. उपास हाय. आज जेवून घ्या."

सांडूनं हात धुतले आणि ताटावर बसला.